एक यार्ड आणि दोन बोटं

इस्माईल, परवा तुझ्या पडवीत बसून माणसं हसली. तुला जाऊन तीन दिवस झाले होते. मातीला मी पोचू शकलो नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून आलो, तर पडवीत चार-पाच जण बसलेले. त्यात आपल्या कॅम्पातला सुर्वे होता, तोच तो वेल्डर, आता काठी घेऊन चालणारा. त्याच्याशेजारी नाखवा, तोही कॅम्पातलाच. आणि बोलणं कशाचं चाललं होतं? त्या फुटबॉलच्या मॅचचं. एक यार्ड उरलं होतं आणि मस्क्याने चेंडू टाकला, असं नाखवा हात हलवून सांगत होता, आणि ऐकणारे तोंडावर रुमाल धरून हसत होते.

मस्का! तुझ्या स्वतःच्या घरात, तुझ्या मुलीच्या कानांवर जाईल अशा आवाजात. हातातून सगळं निसटतं म्हणून मस्का. चाळीस वर्षं होत आली. सौदीतल्या जुबेलच्या वाळूत चिकटलेलं ते नाव तुझ्यामागोमाग समुद्र ओलांडून गावच्या खाडीपर्यंत आलं आणि तुझ्या मयतीलाही बसलं.

मी चप्पल काढून आत आलो, सगळ्यांना सलाम केला आणि भिंतीला टेकून बसलो. पण माझं डोकं तापलं होतं, ते अजून निवलेलं नाही. पुढं काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी जे सांगायला हवं होतं ते कधीच सांगितलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुला आठवतं, तू त्या खेळात शिरलास कसा? समुद्राचं पाणी गोडं करायचा तो प्लांट उभा राहत होता. तेलाचा पैसा असा वाहत होता की काल रिकामी असलेल्या जागेवर आज क्रेन उभी असायची. आपण कोकणातले तीसेक जण, बाकी केरळी, पाकिस्तानी, फिलिपिनो. तू रिगर, म्हणजे क्रेनला वजनं बांधायची आणि इशाऱ्यावर उतरवून घ्यायची. मी सेफ्टी ऑफिसात कारकून. अमेरिकन साहेबांची वस्ती तारेच्या पलीकडे, आणि तारेला लागूनच त्यांनी रोलर फिरवून घट्ट केलेलं मैदान. शुक्रवारी ते तिथं त्यांचा फुटबॉल खेळत. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात. न सोललेल्या नारळाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. तो पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला द्यायचा. आपली माणसं तारेला हात लावून बघत उभी राहायची आणि म्हणायची, ही तर हुतुतूचीच भावकी.

एकदा चेंडू तारेवरून आपल्या बाजूला आला. तू उचललास. फेकून द्यायचा सोडून गेटातून आत शिरलास, चेंडू काखेत धरून. त्यांच्यातले तिघे गमतीने आडवे आले. आणि तू, शाळेपासून गावच्या संघात चढाईला जाणारा, पहिल्याला खांद्याने झुकवलंस, दुसऱ्याच्या हाताखालून गेलास, तिसरा तुझ्या कमरेला धरून चार पावलं ओढत आला. मग सुटला आणि बसला खाली. तू चेंडू बिल साहेबाच्या हातात दिलास आणि सलाम केलास. बिल आपला सुपरिंटेंडंट, त्यांच्या संघाचा कप्तानही तोच. त्याने तुझे दंड दाबून बघितले, जत्रेत बैल बघतात तसे. इस्माईल हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून तू इझी झालास.

त्या मैदानावर उभा राहिलेला आपल्यातला तू एकटा. दर शुक्रवारी तारेमागे आपली गर्दी वाढत गेली. त्यांच्या बायका खुर्च्यांवर बसायच्या, आपण उभे. पण ओरडायचो आपणच जास्त. नमाज झाली, जेवण झालं की सुर्वे डबा वाजवत पुढं निघायचा. खोटं कशाला बोलू? त्या दोन-तीन तासांत कॅम्पातल्या प्रत्येकाला वाटायचं की आपणही कोणीतरी आहोत.

आता तो बुधवार. तू तो विषय कधी काढला नाहीस आणि मीही नाही. दुपारी मोठा व्हॉल्व उतरवताना वायरचा फास सरकला आणि तुझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं फास आणि लोखंड यांच्यामध्ये सापडली. तू स्वतः चालत माझ्या ऑफिसात आलास. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, कोपरापर्यंत रक्त, आणि आवाज मात्र रेशनच्या दुकानात उभा असल्यासारखा.

"शरद्या, दवाखान्याचा कागद दे जरा."

मी अपघाताचं रजिस्टर काढलं. पेनचं टोपण काढलं. तारीख लिहिली. तेवढ्यात बिल आत आला. त्याने तुझा हात बघितला, मग माझं पेन बघितलं. गेटवरचा तो बोर्ड आठवतो ना, किती तास अपघाताशिवाय गेले त्याचा आकडा रोज बदलायचा? ठरलेला आकडा पुरा व्हायला पाच दिवस राहिले होते. पुरा झाला की कॅम्पातल्या प्रत्येकाला घड्याळ मिळणार होतं, बिर्याणीची मेजवानी होणार होती आणि बिलला वरून शाबासकी. बिल म्हणाला, "हे स्क्रॅच आहे. खरचटलंय नुसतं. स्क्रॅचची कुणी नोंद करत नाही, शरद." आवाज गोड होता. नंतर म्हणाला, "सगळ्या कॅम्पाचं मन मोडशील."

नखं उपटली होती, इस्माईल. हाड दिसत होतं. ते स्क्रॅच?

मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "राहू दे रे. सगळ्यांचं नुकसान कशाला?" आणि मी टोपण लावलं. तारीख लिहिलेलं पान फाडलं.

तूच राहू दे म्हणालास, म्हणून माझ्यावर काही नाही, असं मी स्वतःला किती वर्षं समजावलं! पण कागद मागायला आलेला माणूस तू होतास, आणि तुझ्या बाजूने उभं राहायची नोकरी माझी होती. सेफ्टी ऑफिस दुसऱ्या कशासाठी असतं? बोर्ड रंगवायला?

शुक्रवारी पाइपलाइनवाल्या कॅम्पाशी मॅच. सगळ्या मोसमातली मोठी. तू खेळायला नको होतास आणि तुला खेळायचंच होतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुपारी तू खोलीत माझ्यासमोर हात पुढं केलास आणि म्हणालास, "हे पांढरं बँडेज लांबून दिसतं. काहीतरी कर." मी इलेक्ट्रिशियनकडून काळ्या टेपचं रीळ आणलं. दोन्ही बोटं एकत्र धरून वरून टेप गुंडाळली, घट्ट. तू दात आवळलेस. ती टेप गुळगुळीत होती, इस्माईल. वायरवरची टेप ती, तिच्यावर पाण्याचा थेंब ठरत नाही. गुंडाळताना माझ्या मनात ते आलं होतं. मी बोललो नाही.

मॅच तुला सांगायला नको. पण लोक आजही चुकीची सांगतात, म्हणून मी माझ्यासाठी लिहितो. आपण चार गुणांनी मागं. शेवटची दोन मिनिटं. चेंडू त्यांच्या रेषेपासून एका यार्डावर आणि आपला चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. चेंडू रेषेपलीकडे नेला तर सहा गुण; लाथ मारून खांबांमधून घातला असता तर तीनच, काही उपयोग नाही. तेव्हा एकतर पळून घुसायचं, नाहीतर वरून फेकायचा. डाव्या कोपऱ्यात आपल्या संघातला तो ताडमाड अमेरिकन वेल्डिंग इन्स्पेक्टर मोकळा उभा होता. तारेमागून सगळा कॅम्प ओरडत होता, "इझी! इझी!" आणि बिलने चेंडू तुझ्या पोटात दिला.

तू मधूनच घुसलास. तिघे तुझ्यावर पडले. धूळ उडाली. तुझं डोकं, खांदे, छाती रेषेपलीकडे पडलेली मी स्वतः बघितली. आणि चेंडू अलीकडे. उजव्या हातातून निसटून टप्पा खाऊन वाकडातिकडा उडाला आणि त्यांच्यातल्या एकाने त्यावर उडी मारली. खलास.

बिलने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "एक यार्ड!" तो सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाजवळ जाऊन ओरडला. "एक यार्ड चेंडू धरता येत नाही तुला?" ज्याने दोन दिवसांपूर्वी ती बोटं बघितली होती तो हा माणूस. सगळ्या जगात तीनच माणसांना ठाऊक होतं असं मी तेव्हा धरून चाललो होतो. तिघांपैकी एक ओरडला, दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि तिसरा तारेला धरून उभा राहिला.

मग मेसमध्ये काय वाद झाले! चपात्यांच्या रांगेत पाकिस्तानी ड्रायव्हर म्हणायचा, "फेंकना चाहिए था, यार." केरळी सुपरवायझर म्हणायचा, नाही, एका यार्डाला पळायचंच असतं, पण माणूस पक्का हवा. सुर्व्याने ताटात आमटीने मैदान आखून, मिरच्या मांडून दाखवलं की तू डावीकडून गेला असतास तर काय झालं असतं. आठवडाभर त्या कॅम्पात दुसरा विषय नव्हता. वाद कितीही झाला तरी शेवट मात्र एकच असायचा, की पळायचं का फेकायचं ते जाऊ दे, हातात आलेला चेंडू टाकला कुणी? आणि मग सगळ्या माना तुझ्याकडे. मेसच्या खिडकीतून तुझ्या ताटात मस्क्याची एक जास्तीची वडी पडली. सगळे हसले आणि तूही हसलास. तुझा हात टेबलाखाली होता.

मला तेव्हा उठून ओरडता आलं असतं. मी मीठ मागून घेतलं.

ठरल्या दिवशी आकडा पुरा झाला. मेजवानी झाली. घड्याळं वाटली. तुझं तू डाव्या हाताने घेतलंस.

बोटं चिघळली. महिन्याभरात तुला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि दोन्ही बोटं मधल्या सांध्यातून काढली. तू परत आलास तेव्हा म्हणालास, दुसरं हलकं काम द्या, स्टोअरमध्ये बसवा, इशारे द्यायला तर हात पुरतो. कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, माणसाने कागद मागितले. कामावर इजा झाल्याची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती. मग बिलने पत्राचा मजकूर सांगितला आणि मी ते टाईप केलं. सुट्टीच्या दिवशी स्वखुशीने खेळताना झालेली इजा. रिगर म्हणून कामास अयोग्य. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द आणि देशाबाहेर एक्झिट. माझ्या या दहा धड बोटांनी मी ते टाईप केलं. एक अक्षर चुकलं होतं तेही पांढऱ्या शाईने नीट केलं.

बिलचं पुढं काय झालं ठाऊक नाही. मेला असेल. माझा राग त्याच्यापाशी थांबत नाही हीच अडचण आहे. त्याला आपण कोण होतो? इझी आणि शरद. पण मी तुझा कोण होतो?

माझे वडील गेले ते त्याच्या आदल्या वर्षी. तार आली तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी मिळेना. मी खाटेवर पडून राहिलो, जेवलो नाही. आपल्या खोलीत दोन चिपळूणचे होते, माझ्याच जातीचे. ते हळहळले आणि कामावर गेले. तू कामावरून आलास, अंघोळ केलीस आणि विचारलंस, "तुमच्यात काय करतात ते सांग मला." मी म्हटलं, इथं आमचे विधी करायला बंदी आहे, आपल्याला पकडतील. तू म्हणालास, "केस काढायला कोण पकडतो?" बाहेर बाकड्यावर मला बसवून तू माझं डोकं भादरलंस. तुला येत नव्हतं, दोन ठिकाणी कापलं. शुक्रवारी सकाळी मला समुद्रावर नेलंस. उथळ पाणी, लांबपर्यंत गुडघाभरच. तू म्हणालास, "जा, जे म्हणायचं ते मनात म्हण, मी इकडे बघतो." आणि तू पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलास, कोणी गाडी येते का बघत. मी बाहेर आलो तेव्हा तुझ्या हातात पंच्यात बांधलेला भात होता. म्हणालास, "पक्ष्यांना घालतात ना तुमच्यात? मेसमधून आणलाय. कावळे नाहीत इथं, पण हे समुद्रपक्षी खातील."

ते खात होते आणि आपण दोघं बघत होतो. ज्या हातांनी तू तो भात बांधून आणलास, त्याच हाताला मी टेप गुंडाळली.

तू घरी गेलास. मी आणखी आठ वर्षं राहिलो, तिथंच बढती घेतली. तू खाडीच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधायचं काम धरलंस, आठ बोटांनी. शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवलीस. मी सुट्टीला आलो की तुझ्याकडे यायचो, आणि प्रत्येक वेळी तू तोच वाद उकरून काढायचास. चहा यायच्या आधीच. "काय शरद्या, अजून म्हणतोस फेकायला हवा होता?"

एका उन्हाळ्यात तू अंगणात काजूच्या बिया मांडून सगळं मैदान उभं केलंस. इकडे आपले, तिकडे ते, हा बिल, ही रेषा.

"अरे बाबा, एका यार्डासाठी हवेत कशाला फेकायचा?" तू म्हणालास. "हवेतला चेंडू कुणाचाच नसतो. पोटाशी असतो तेव्हा आपला असतो."

मी म्हटलं, "तो इन्स्पेक्टर कोपऱ्यात मोकळा होता. झेलला असता."

"झेलला असता कशावरून?"

"आणि तुझ्या पोटाशी होता तरी गेलाच ना?"

हे माझ्या तोंडून गेलं. जो माणूस हे बोलू शकतो त्याला तू चहा का पाजलास? तू काजूच्या बियांकडे बघत बसलास. त्या अर्ध्या बोटांनी तू एक बी उचललीस आणि रेषेच्या पलीकडे ठेवलीस. "मी पोचलो होतो," एवढंच म्हणालास. "चेंडू मागं राहिला."

मी तेव्हाही बोललो नाही. मी म्हटलं, चल, एसटीची वेळ झाली.

तुझा मला राग येतो, इस्माईल. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. एकदा तरी म्हणायचंस! मेसमध्ये टेबलावर हात ठेवून दाखवायचास. बिलच्या तोंडावर दाखवायचास. लोकांनी तुला मस्का म्हणावं आणि तू हसावंस, कशासाठी? सगळ्यांना घड्याळं मिळावीत म्हणून? तुझ्या या चांगुलपणाने आमच्यासारख्यांची किती सोय झाली याचा कधी विचार केलास?

तर परवा. नाखवा सांगत होता आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बस करा आता." मग मी सगळं सांगितलं. व्हॉल्व, फास, रजिस्टर, फाडलेलं पान. टेप मी गुंडाळली हेही. पत्र मी टाईप केलं हेही. माझा आवाज चढला होता, घरातल्या बायका दाराशी आल्या असाव्यात. शेवटी मी म्हटलं, "त्याने चेंडू टाकला नाही. आम्ही त्याचा हात काढून घेतला होता."

मला वाटलं होतं माणसं हादरतील. सुर्व्याने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "शरदराव, आम्हाला ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"त्याची बोटं चेचलेली. बुधवारी क्रेनखाली दहा माणसं होती. मी होतो. रक्त मीच वाळू टाकून झाकलं. आणि शुक्रवारी काळी टेप काय आम्हाला दिसली नाही?"

"मग मस्का कशाला म्हणायचात?"

नाखवा जमिनीकडे बघत होता. मग सुर्वेच हळू म्हणाला, "घड्याळं सगळ्यांनीच घेतली ना."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! तीन माणसं नव्हेत, सगळा कॅम्प. पळायचं का फेकायचं, डावीकडून का मधून, यावर आठवडाभर ताटात मिरच्या मांडून घसा कोरडा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच एवढा वाद. बोटांबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून यार्डाबद्दल बोलत राहिले. आणि मी त्यांच्यावर काय ओरडू? मी त्या वादात चाळीस वर्षं फेकण्याच्या बाजूने होतो.

मी उठलो. तुझी रुखसाना दारात उभी होती. ती आता त्याच शाळेत शिकवते, पन्नाशीकडे झुकली, पण उभी राहते अगदी तुझ्यासारखी, पाय फाकवून. तिने विचारलं, "काका, म्हणजे अब्बांची चूक नव्हती?"

"नव्हती, बाळा."

ती आत गेली. थोड्या वेळाने आतल्या पडद्यामागून मरियमवहिनींचा आवाज आला. नवरा गेल्यावरच्या इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस बाहेर येणार नाहीत. मी पडद्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"शरदभाऊ, बसा. जेवून जा."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही ऐकलंत ना सगळं? मला माफ करा म्हणायचंही तोंड नाही."

"मला ते ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी आल्याबरोबर सांगितलं होतं. टेपचंही, पत्राचंही. पत्रावर खाली टाईप करणाऱ्याच्या नावाची पहिली अक्षरं असतात म्हणे, त्यावरून त्यांना कळलं होतं."



"तुम्ही येणार असलात की ते सकाळपासून अंगण झाडून घ्यायचे," वहिनी पडद्यामागून सांगत होत्या. आवाजात राग नव्हता, तोच सोसवत नव्हता. "मला म्हणायचे, आज बोलेल बहुतेक. त्याला आपणहून जमत नाही, सुरुवात मी करून देतो. म्हणून तो खेळाचा विषय काढायचे. त्यांना कुठला आलाय त्या खेळाचा एवढा नाद? तुम्ही गेलात की म्हणायचे, नाही बोलला. पुढच्या खेपेला बोलेल."

किती खेपा झाल्या असतील, इस्माईल? मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. प्रत्येक खेपेला तू दार उघडून धरलंस आणि मी उंबऱ्यावर उभा राहून तुझ्याशी हुज्जत घातली, की दार डावीकडे हवं का उजवीकडे.

इतकं सोपं कशाला करून द्यायचं होतंस रे मला? माझी गचांडी धरायची होतीस. अंगणात, भर दुपारी, सगळ्या वाडीसमोर धरून विचारायचं होतंस, शरद्या, पान का फाडलंस? मी बोललो असतो. त्या दिवशी तरी बोललो असतो.

वहिनींनी पाट मांडायला सांगितला. मी जेवलो.